वेटसूट आणि कॉम्प्रेशनचे कपडे: कोणाचा उपयोग किती आणि कुठे

गोव्यातील आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन (सलग पोहणे, सायकलिंग आणि धावणे, एकूण ७०.३ मैल) जवळ आली, किंवा ओळखीतले कोणी युरोपातील पूर्ण, म्हणजे याच्या दुप्पट अंतराच्या आयर्नमॅनची तयारी करू लागले, की आमच्या कोल्हापुरातील पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या मंडळींत दोन प्रश्न हमखास निघतात. वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा निओप्रीन या रबराचा पोशाख, घ्यावा का, आणि पोटरीवर चढवायचे ते कॉम्प्रेशनचे, म्हणजे पाय आवळून दाब देणारे मोजे घालून खरेच काही फरक पडतो का? दोन्ही गोष्टी अंगाला घट्ट बसणाऱ्या, दोन्ही खिशाला जड आणि दोन्हींच्या जाहिरातींतील दावेही जवळपास सारखेच असल्यामुळे हे प्रश्न एका दमात विचारले जातात आणि बहुतेकदा त्यांना एकच उत्तर दिले जाते. सगळे उपयोगी असे कोणी म्हणते, सगळे थोतांड असे कोणी म्हणते. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. वेटसूट पोहणाऱ्याला खरोखर वेगवान करतो आणि त्यामागचे कारण मोजता येते. कॉम्प्रेशनच्या कपड्यांनी मात्र शर्यतीतील वेळ सुधारतो असे अजून कोणालाही खात्रीने दाखवता आलेले नाही. त्यांचा उपयोग असलाच तर तो शर्यत संपल्यानंतर सुरू होतो.

आधी वेटसूट घेऊ, कारण त्याविषयीचे गैरसमज जास्त आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्याखाली उतरणाऱ्या नौदलाच्या जवानांसाठी निओप्रीनच्या पोशाखाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे थंडीचा प्रश्न होता. ऊब टिकवण्यासाठी अंग कोरडे राहण्याची गरज नाही, हे त्यांच्या लक्षात आले. पोशाखाच्या आतील पाण्याचा पातळ थर शरीराच्या उष्णतेने तापतो आणि म्हणून ऊब मिळते, असे आजही अनेक जण सांगतात. खरे काम निओप्रीनमध्ये कोंडलेले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे करतात. ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत आणि तेच बुडबुडे शरीराला वर उचलतात. ट्रायथलॉनपटूला महत्त्वाचा आहे तो हा दुसरा गुण. डॅन एम्पफील्ड या अमेरिकी ट्रायथलॉनपटूने १९८७ मध्ये खास ट्रायथलॉनसाठी वेटसूट तयार केला, तेव्हापासून या पोशाखाकडे थंडीपासूनचे संरक्षण म्हणून कमी आणि वेगाचे साधन म्हणून अधिक पाहिले जाऊ लागले.

शरीर पाण्यात आडवे होते तेव्हा काय घडते ते पाहिले म्हणजे हा वेग येतो कुठून ते कळते. हवेने भरलेली फुप्फुसे छातीत असतात, त्यामुळे छाती तरंगते. मांड्या आणि पोटऱ्या म्हणजे बहुतांशी स्नायू आणि हाडे, त्यामुळे पाय खाली जातात. पाय खाली गेले की शरीर पाण्यात तिरके होते आणि पुढे सरकताना पाण्याला अडणारे क्षेत्रफळ वाढते. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्याने या वाढीव अडथळ्याची किंमत प्रत्येक हातामागे मोजावी लागते. धावण्यातून किंवा सायकलिंगमधून ट्रायथलॉनकडे आलेला, अंगावर चरबी नसलेला आणि तिशी-चाळिशीत पोहायला शिकलेला माणूस या बाबतीत सर्वांत दुर्दैवी. त्याचे पाय बुडतात, ते वर ठेवण्यासाठी तो जोरजोरात लाथा मारतो आणि किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत सायकलसाठी राखून ठेवायची ताकद संपवून बसतो. वेटसूट त्याची कंबर आणि पाय उचलून धरतो. सुटाच्या जिवावर अर्धे काम तिथेच होते.

हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. नेदरलँड्समधील हुब तुसां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला आजही या विषयावरचा सर्वांत समाधानकारक पुरावा वाटतो. त्यांनी तलावात पाण्याखाली ठराविक अंतरावर पक्क्या पट्ट्या बसवल्या होत्या. पोहणारा पाण्याला मागे ढकलण्याऐवजी या पट्ट्यांना ढकलत पुढे जात असे आणि प्रत्येक ढकलण्याचे बल उपकरणात नोंदवले जात असे. वेग कायम ठेवायचा तर लावलेले सरासरी बल पाण्याच्या विरोधाइतकेच असावे लागते, म्हणजे पोहताना होणारा विरोध थेट मोजता येतो. सेकंदाला १.२५ मीटर या वेगाने, म्हणजे १०० मीटरला ८० सेकंद या गतीने पोहताना वेटसूटमुळे हा विरोध १४ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना आढळले. पोहणाऱ्याला काय वाटते, त्याचा सुटावर विश्वास आहे की नाही, याचा या आकड्याशी फारसा संबंध राहत नाही. कॉम्प्रेशनच्या कपड्यांविषयी असे म्हणता येत नाही, म्हणून हा मुद्दा मी मुद्दाम इथे नोंदवून ठेवतो.

फ्रान्समधील शातार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ट्रायथलॉनपटू आणि स्पर्धात्मक जलतरणपटू यांना त्यांनी वेटसूटसह आणि वेटसूटविना ४०० मीटर पोहायला लावले. ट्रायथलॉनपटूंची वेळ स्पष्टपणे सुधारली. लहानपणापासून तलावात वाढलेल्या जलतरणपटूंच्या वेळेत मात्र म्हणावा असा फरक पडला नाही, कारण त्यांचे शरीर आधीच पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर असते. त्याआधी, १९९१ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॉर्डेन आणि कोप्रिव्हा यांच्या अभ्यासातही अंगाने सडपातळ असलेल्यांना वेटसूटचा अधिक फायदा झाल्याचे दिसले होते. थोडक्यात, वेटसूट चांगल्या पोहणाऱ्याला थोडे देतो आणि कच्च्या पोहणाऱ्याला भरपूर. फायदा केवळ पोहण्यापुरताही राहत नाही. तेवढ्याच वेगाने पोहताना श्रम कमी पडल्यामुळे नंतर सायकलवर बसताना शरीर अधिक ताजे असते, असेही फ्रेंच संशोधकांनी नंतर दाखवले आहे.

एखादे साधन खरोखर उपयोगी आहे का हे ओळखण्याची माझी एक सोपी कसोटी आहे. त्या खेळाची नियमावली त्या साधनाविषयी काय म्हणते ते पाहावे. ज्याने निकाल बदलत नाही त्यावर बंधने घालण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वेटसूटवर किती बंधने आहेत ते पाहा. निओप्रीनची जाडी कोठेही ५ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. आयर्नमॅनच्या स्पर्धांत हौशी खेळाडूंना पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट घालून बक्षिसासाठी उतरता येते. त्याहून पाणी गरम असेल तर २८.८ अंशांपर्यंत सूट घालता येतो, परंतु वयोगटातील बक्षिसावर आणि जागतिक स्पर्धेच्या पात्रतेवर पाणी सोडावे लागते. त्यापुढे सूट पूर्णपणे वर्ज्य. हवाईतील कोना येथे होणाऱ्या आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत समुद्र उबदार असल्याने सर्वांनी वेटसूटविनाच पोहायचे असते. इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांची परंपरा तर याहून कडक आहे. मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये अंगाला तेल चोपडून ती खाडी पार केली आणि आजही अधिकृत नोंद हवी असेल तर साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी आणि चष्मा एवढ्यावरच भागवावे लागते. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातील सात अवघड सागरी खाड्यांचे आव्हान पूर्ण केले आणि असे करणारे ते पहिले आशियाई ठरले. तेही निओप्रीनविनाच. त्या पराक्रमाचे मोल कळायचे असेल तर वेटसूट किती मदत करतो हे आधी माहीत असायला हवे.

तलावातील शर्यतींचा इतिहासही हेच सांगतो. २००८ मध्ये आलेल्या एलझेडआर रेसर या सुटाने आणि त्यानंतरच्या पूर्ण पॉलियुरेथेनच्या सुटांनी शरीर आवळून गुळगुळीत केले, आत हवा धरून तरंगणे वाढवले, आणि २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले गेले. १ जानेवारी २०१० पासून या सुटांवर बंदी आली. याच्या उलट, धावताना गुडघ्यापर्यंत कॉम्प्रेशनचे मोजे घालू नयेत असा नियम रस्त्यावरच्या कोणत्याही मोठ्या मॅरेथॉनमध्ये माझ्या पाहण्यात नाही. ट्रायथलॉनमध्ये पोटरीवरील स्लीव्हला, म्हणजे पाऊल उघडे ठेवणाऱ्या कॉम्प्रेशनच्या मोज्याला, बंदी आहे ती वेटसूटविना होणाऱ्या पोहण्यात, म्हणजे पाण्यात. बाहेर आल्यावर तीच स्लीव्ह खुशाल चढवावी.

आता आपल्याकडचा प्रश्न. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ७०.३ स्पर्धेत पोहणे वेटसूटविनाच होते, कारण तिथला समुद्र बारमाही उबदार असतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेतही निओप्रीनची आठवण कोणाला होत नाही. त्यामुळे केवळ इथल्या स्पर्धांत उतरणाऱ्याने वेटसूटवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के घन असते, ते आपण होऊनच थोडे वर उचलते. उरलेले काम तंत्राने करावे. डोके पाण्यात नीट ठेवणे, छाती किंचित दाबणे आणि कंबर वर येऊ देणे हे एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडून शिकायला लागणारा खर्च वेटसूटच्या किमतीपेक्षा कमीच असतो आणि ते प्रत्येक स्पर्धेत चालते, पाणी कितीही अंशांचे असो.

हिशेबच करायचा तर १०० मीटरला सव्वादोन मिनिटे घेणारा पोहणारा १.९ किलोमीटर सुमारे ४३ मिनिटांत संपवतो. वेटसूटने ५ टक्के वेळ वाचतो असे धरले तर दोन मिनिटांच्या आसपास फायदा होतो आणि त्यातला थोडा भाग सूट उतरवण्यात जातो. सहा-सात तासांच्या शर्यतीत ही रक्कम मोठी नाही. ज्याला ठरलेल्या वेळेच्या आत पाण्यातून बाहेर पडण्याचीच चिंता आहे, त्याच्यासाठी मात्र तीच दोन मिनिटे निर्णायक ठरू शकतात.

थंड पाण्याच्या स्पर्धेला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. नॉर्वेतील नॉर्समन या ट्रायथलॉन स्पर्धेत पहाटे फेरीबोटीवरून हार्डांगर फियॉर्डमध्ये उडी मारावी लागते आणि तिथे वेटसूट ही चैन नसून सक्ती आहे. अतिथंड पाण्यात शिरल्यावर पहिली काही मिनिटे श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, धाप लागते, हृदयाचे ठोके एकदम वाढतात. सूट हा धक्का सौम्य करतो. परंतु ज्याने तो आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी घातला आहे त्याला गळ्याशी आणि छातीशी बसणारी घट्ट पकडच गुदमरवू शकते. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेल्या १४ मृत्यूंपैकी १३ पोहताना झाले होते. त्यामागची कारणे अनेक असू शकतात आणि त्यांचा दोष सुटाच्या माथी मारता येणार नाही, पण पाण्यात घाबरण्याची संधी देणारी कोणतीही नवी गोष्ट शर्यतीच्या दिवशी करू नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

सूट चढवणे हेही शिकण्याचेच काम आहे. पायात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पाय आत सरकवायचा, मग पिशवी काढून दुसऱ्या पायाला लावायची. पकडताना नखे लागू द्यायची नाहीत, बोटांच्या पेरांनीच धरायचे, कारण नखाने निओप्रीनला चंद्रकोरीसारखी चीर पडते आणि ती ओढ बसली की वाढत जाते. कापड घोट्यापासून थोडे थोडे वर ओढत न्यायचे आणि जांघेत जागा रिकामी राहणार नाही हे पाहायचे. घाईने चढवलेला सूट तिथे लोंबकळतो आणि मग खांदे खाली ओढले जातात. हात उचलताना प्रत्येक वेळी रबराशी झुंज द्यावी लागत असेल तर सूट छोटा आहे असे नसते, बरेचदा तो पुरेसा वर ओढलेला नसतो. मानेला चोळण्यासाठी निओप्रीनला चालेल असेच वंगण घ्यावे. हा सराव आपल्याकडच्या गरम तलावात फार वेळ करू नये. वायूचे बुडबुडे जशी थंडी अडवतात तशीच शरीरातील उष्णताही अडवतात. पहाटेच्या वेळी, थोड्या अंतरासाठी आणि सोबत कोणी असतानाच तो करावा.

आता कॉम्प्रेशन. या कपड्यांचे मूळ क्रीडांगणावर नाही, रुग्णाच्या घरात आहे. कॉनराड जोब्स्ट या अमेरिकेतील अभियंत्याला पायांच्या शिरांचा त्रास होता. जलतरण तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो आणि पाण्याचा दाब घोट्याशी सर्वाधिक, वर कमी कमी होत जातो, हे त्याने हेरले. त्या निरीक्षणातून १९५०च्या सुमारास उतरत्या दाबाचे मोजे आले. शिरांच्या विकारांत, शस्त्रक्रियेनंतर आणि लांबच्या विमानप्रवासात पायात गुठळी होऊ नये म्हणून त्यांचा उपयोग वैद्यकाने मान्य केलेला आहे. पुढे पाउला रॅडक्लिफसारखी धावपटू गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून धावताना जगाने पाहिली आणि रुग्णाची गोष्ट खेळाडूची झाली.

गोची इथेच आहे. आजारी माणूस बसलेला किंवा उभा असतो, तेव्हा पायातील रक्त वर ढकलायला बाहेरून मदत लागते. धावणाऱ्याची पोटरी मात्र प्रत्येक पावलाला आकसते आणि शिरांतील रक्त स्वतःच जोराने वर पाठवते. निरोगी पोटरीच्या या पंपाला मोज्याने आणखी काय द्यावे, हा प्रश्न पडायलाच हवा. स्पेनमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्यांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉम्प्रेशनचे मोजे घातलेल्यांचा आणि साधे मोजे घातलेल्यांचा वेग सारखाच राहिला आणि रक्तातील स्नायूंच्या इजेच्या खुणाही सारख्याच निघाल्या. एंगेल, होल्मबर्ग आणि श्पेर्लिश यांनी २०१६ मध्ये धावपटूंवरील ३२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शर्यतीची वेळ सुधारल्याचे त्यांना दिसले नाही. स्नायूंचे हादरे कमी होतात म्हणून थकवा कमी होतो, हा दावा ओहायो स्टेट विद्यापीठात २०१७ मध्ये तपासला गेला. पाय आवळणाऱ्या टाइट्समुळे (घट्ट विजारींमुळे) हादरे कमी झाले हे खरे, थकवा मात्र तेवढाच राहिला. या अभ्यासाला पैसा असे कपडे विकणाऱ्या खुद्द नायकी कंपनीने दिला होता, त्यामुळे त्याचा निष्कर्ष मला अधिकच विश्वासार्ह वाटतो.

शर्यत संपल्यानंतरचे चित्र थोडे वेगळे आहे. २००७ मध्ये अली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात १० किलोमीटर धावल्यानंतर दुसऱ्या दिवशीचे पाय दुखणे मोज्यांमुळे कमी झाले, वेळेत मात्र फरक नव्हता. २०१४ मध्ये हिल आणि सहकाऱ्यांनी १२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात दुखणे, ताकद परत येणे आणि स्नायूंच्या इजेच्या खुणा या सर्वांत मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. मला सर्वांत आवडलेला अभ्यास ऑस्ट्रेलियातील आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा. त्यांनी मॅरेथॉननंतर ४८ तास काहींना कॉम्प्रेशनचे आणि काहींना तसेच दिसणारे पण दाब नसलेले मोजे घालायला दिले आणि दोन आठवड्यांनी ट्रेडमिलवर दमेपर्यंत धावायला लावले. खऱ्या मोज्यांच्या गटाचा टिकण्याचा वेळ आधीपेक्षा २.६ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा ३.४ टक्क्यांनी घटला. अशी तुलना या क्षेत्रात फार थोड्यांनी केली आहे, कारण घट्ट मोजा पायात आहे की नाही हे घालणाऱ्याला कळतेच आणि मग मनाचा भाग किती व दाबाचा किती हे वेगळे काढणे कठीण होते. मनाचा भाग मी क्षुल्लक मानत नाही. पाय हलके वाटल्यामुळे कोणी दुसऱ्या दिवशी चालायला बाहेर पडत असेल तर तोही लाभच आहे. त्याला वेग म्हणू नये, एवढेच.

म्हणून साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून उतरल्यावर, किंवा दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स या मॅरेथॉनहून लांब शर्यतीच्या उताराच्या वर्षी डर्बनला पोहोचल्यावर, जेव्हा मांड्या आणि पोटऱ्या उतारावरच्या ताणाने खरोखर फाटलेल्या असतात, तेव्हा मोजे चढवावेत आणि पुढचे एक-दोन दिवस ठेवावेत. मुंबई मॅरेथॉनच्या दमट सकाळी पूर्ण लांबीच्या टाइट्स घालून धावण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. घाम वाळायला त्वचा उघडी हवी आणि आपल्या हवेत तेच सर्वांत मोठे शीतकरण आहे. खरेदी करताना घोटा आणि पोटरी यांचा घेर मोजून माप घ्यावे, केवळ बुटाचा नंबर सांगून घेऊ नये. पाकिटावर दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला नसेल तर तो केवळ घट्ट मोजा आहे असे समजावे. रात्री काढल्यावर पोटरीवर खोल वळ दिसत असेल किंवा बोटे बधिर होत असतील तर माप चुकले आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि पायांच्या रोहिण्यांत अडथळा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालूच नयेत. इलॅस्टिक धुण्याने सैल होते, तेव्हा जुना मोजा सहज चढू लागला की त्याचे काम संपले असे धरावे. युरोपातील शर्यतीला निघालेल्यांनी ते सामानाच्या तळाशी भरू नयेत. आठ-दहा तासांच्या विमानप्रवासात, जाताना आणि विशेषतः शर्यतीनंतर परतताना, ते पायातच असावेत.